बोगद्यात अंशतः राहिलेली व्यक्ती

सासऱ्यांची कवळी हरवली, तेव्हा घरोघरी शोधाशोध होते तशीच ती झाली. म्हणजे आधी सगळ्यांनी एकमेकांना दोष दिला आणि मग पलंगाखाली वाकून पाहिलं. नवऱ्याने उशीच्या अभ्र्यात हात घालून पाहिला, बेसिनखालची बादली उपडी केली आणि शेवटी हताश होऊन साखरेच्या डब्यातही डोकावला. सून मात्र टेबलावरून हलली नाही. टोस्टला लोणी लावता लावता तिने विचारलं, "बाबा, शेवटची कुठे काढली होतीत?"

बाबा पेपर वाचत राहिले. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

हे ऐकू न येणं या घरात जुनंच होतं. सुनेने "बाबा, जेवायला चला" म्हटलं की ऐकू येत नसे, "बाबा, गॅस बंद केलात का?" म्हटलं की येत नसे. वरच्या मजल्यावर कोणाच्या हातून चमचा पडला, तर तो कोणत्या सुरात पडला हे मात्र ते सांगत. कानाच्या डॉक्टरने दोनदा तपासून "कान ठणठणीत आहेत, बाकी तुमचं तुम्ही बघा" म्हणून हात वर केले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून सुनेच्या हाकेला बाबांनी एकदाही ओ दिली नव्हती. सुरुवातीला तिला याचं फार वाईट वाटायचं. पुढे तिने वाईट वाटून घेणं सोडलं, हाक मारणं तेवढं चालू ठेवलं.

ती कणत्वरकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. जमिनीखाली लांबलचक बोगदा, त्यात चुंबकांच्या रांगा आणि त्यांच्यामधल्या नळीतून सुसाट धावणारे, डोळ्यांना न दिसणारे कण. या कणांच्या झोताला तिथे 'बीम' म्हणत. हे कण कुठे आदळले की किरणोत्सार होतो आणि त्या किरणोत्सारापासून माणसांना लांब ठेवायचं हे तिचं काम. कण कशासाठी पळवायचे ते बाकीचे विद्वान ठरवत. माणसांनी कुठे पळायचं नाही ते ती ठरवी. त्यामुळे तिथे तिला सगळे 'नाहीबाई' म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा छुपा अभिमानही होता. तिच्या कारकिर्दीत बोगद्यात एकही माणूस चुकून मागे राहिला नव्हता. नाहीबाई कोणाला तरी 'हो' म्हणाली असं आठवणारा माणूस प्रयोगशाळेत शोधूनही सापडला नसता.

"बाबा," नाहीबाई पुन्हा म्हणाली, "येत्या रविवारी तुमचं वादन आहे."

पेपर खाली आला. टपाल खात्यातल्या निवृत्तांचा एक बँड होता आणि बाबा त्यात क्लॅरिनेट वाजवत. जन्मभर त्यांनी दुसऱ्या रांगेत बसून दुसऱ्या कोणाच्या तरी सुरामागे आपला सूर ओढला होता. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच बँडमास्तरांनी त्यांना एकट्याने वाजवायचा तुकडा दिला होता. आणि क्लॅरिनेटचं असं असतं की त्याचं तोंड वरच्या दातांवर टेकवावं लागतं. वरचे दात नाहीत तर सूर नाही. सूर नाही तर तो तुकडा सॅक्सोफोनवाल्याला, जो आधीपासूनच टपून बसला होता.

"नवी करून घेऊ," नवरा म्हणाला. "हल्ली प्लॅस्टिकच्या छान मिळतात."

"तीन आठवडे लागतात," बाबा म्हणाले. दातांवाचून त्यांच्या बोलण्यात शब्दांपेक्षा वाराच जास्त होता. "आणि माझी कोबाल्टच्या पट्टीची आहे. तसली आता कोणी करत नाही."

कोबाल्ट हा शब्द ऐकल्यावर सुनेच्या हातातली सुरी थांबली. कणांच्या वाटेत कोबाल्ट आला की तो किरणोत्सारी होतो. "बाबा, काल प्रयोगशाळेत आला होतात तेव्हा कवळी तोंडात होती?"

"जाताना होती," असं म्हणून बाबांनी पुन्हा पेपर वर केला. मग बऱ्याच वेळाने पेपरामागून आवाज आला, "येताना नव्हती."

आदला दिवस प्रयोगशाळा लोकांना दाखवायचा दिवस होता. यंत्र बंद ठेवून लोकांना गटागटाने बोगद्यात नेत. तोंडाशी उभी राहून नाहीबाई दर गटाला तेच बजावत होती: आत काहीही खायचं नाही, प्यायचं नाही, काहीही तोंडात घालायचं नाही. त्या वेळी बाबांच्या तोंडात टॉफी होती. रांगेतल्या एका बाईने प्रेमाने दिली होती. सुनेसमोर थुंकायची सोय नव्हती आणि गिळायची वेळ टळून गेली होती, कारण तोवर टॉफी कवळीला घट्ट चिकटली होती. आत गेल्यावर सून पलीकडून गटाच्या दिशेने येताना दिसली आणि बाबांची पाचावर धारण बसली. त्यांनी कवळी टॉफीसकट काढली, रुमालात गुंडाळली आणि जवळच्याच एका मोठ्या लोखंडी ठोकळ्यामागे ठेवून दिली. म्हटलं, ती गेली की घेऊ. पण ती गेलीच नाही. तिने गटाला पुढे हाकललं आणि बाबा तोंड मिटून बाहेर पडले.

"कोणत्या ठोकळ्यामागे?" सुनेने विचारलं.

"जाड होता. पिवळा रंग दिलेला. टोकाला."

सुनेने सुरी खाली ठेवली. बोगद्यात कवळी ठेवायला हजार जागा होत्या. बाबांनी नेमकी ती निवडली होती जिथे धावून दमलेले सगळे कण शेवटी येऊन आदळतात. आणि यंत्र तर काल संध्याकाळीच सुरू झालं होतं. सुरू करायला परवानगीही तिनेच दिली होती.

ही परवानगी काही उगाच मिळत नसे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एक किल्ली देत. किल्ल्या सगळ्या परत आल्या नाहीत तर यंत्र सुरूच होत नसे. किल्ल्या आल्या तरी नाहीबाईचं समाधान नसे. ती स्वतः बोगद्याची झडती घेई, कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघे, ठरलेली बटणं दाबी आणि हातातल्या माइकवरून तीनदा हाक मारी, "आत कोणी आहे का?" ती हाक बोगद्यात घुमे, शिवाय बाहेरच्या कर्ण्यांवरही ऐकू जाई. काल पाहुणे बोगद्याबाहेर पडल्यावर तिने हे सगळं अगदी नेटाने केलं होतं. त्या पिवळ्या ठोकळ्यापासून हातभरावर उभी राहून तिने हाक मारली होती. रुमालातल्या दातांनी उत्तर दिलं नव्हतं, ते बाबांच्या स्वभावाला धरूनच होतं.

तिने तिथूनच यंत्रप्रमुखाला फोन लावला.

"बीम बंद करा."

"अहो, आत्ता कुठे लागलाय! काय झालं?"

"आत दात राहिलेत."

"कोणाचे?"

"माझ्या सासऱ्यांचे."

"आणि सासरे?"

"सासरे इथे चहात टोस्ट बुडवताहेत."

"मग सासऱ्यांना बाकीचा चहा पण पिऊ द्या ना," यंत्रप्रमुख रडकुंडीला येऊन म्हणाला. "संध्याकाळी बंद करतो."

"नाही," नाहीबाई म्हणाली.

यंत्र बंद झालं. बोगद्याची हवा निवळेपर्यंत थांबून ती किरणोत्सार मोजायचा मीटर घेऊन आत गेली. ठोकळ्याजवळ जाताच मीटर कडकडायला लागला. रुमाल होता, रुमालात कवळी होती आणि कवळीला अजून टॉफी चिकटलेली होती. तिने लांब चिमट्याने सगळं उचललं, शिशाच्या डब्यात ठेवलं आणि डब्याला पिवळी चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर वस्तूचं नाव लिहायचं असतं. तिने लिहिलं, 'दात, वरचे, एक संच.' खाली 'वस्तूचा उपयोग' असा रकाना होता. तिथे थोडा विचार करून तिने 'चर्वण व संगीत' असं लिहिलं. टॉफीची चिठ्ठी वेगळी केली.

पुढचे दोन दिवस तिने कवळी मोजली. बराचसा किरणोत्सार भराभर ओसरला. राहिला तो कोबाल्टचा. अगदी थोडा, माणसाला त्याने काडीचा अपाय झाला नसता, पण वस्तू बाहेर न्यायची जी मर्यादा होती तिच्या चौपट. कोबाल्ट पाच वर्षांत निम्मा होतो. ती मर्यादा घालून देणारा नियम प्रयोगशाळेत तिनेच लिहिला होता आणि तो लिहिताना एका प्राध्यापकाची मोजपट्टी जप्त करून तिने त्याला रडवलंही होतं.

"म्हणजे मला कवळी कधी मिळणार?" बाबांनी विचारलं. या वेळी त्यांना प्रश्न न विचारताच सगळं ऐकू येत होतं.

"दहा-बारा वर्षं धरा."

"मी तोपर्यंत मसणात असेन."

"प्रयोगशाळेच्या कोठारात जागा आहे, बाबा. सुरक्षित राहील."

बाबांनी क्लॅरिनेट उचललं आणि ते खोलीत निघून गेले. नवऱ्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाई, तुझं बरोबर आहे, पण म्हणून काय झालं. ही नजर तिला लग्नापासून पाठ होती.

दुसऱ्या दिवशी बाबा प्रयोगशाळेत हजर. बगलेत क्लॅरिनेटची पेटी. मी कवळीला भेटायला आलोय म्हणाले. असं भेटायची पद्धत कुठेच लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती मोडता येईना आणि पाळताही येईना. शेवटी पहारेकऱ्याने त्यांना पायांत प्लॅस्टिकचे मोजे घालायला लावून, छातीवर किरणोत्सार मोजणारा बिल्ला लावून कोठारात नेलं. जाड काचेमागे कवळी होती. बाबा तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"इथेच घालून वाजवतो ना," ते सुनेला म्हणाले. "कवळी बाहेर न्यायची नाही ना? नाही नेत. बँड इथे बोलावू."

"इथे काहीही तोंडात घालायचं नाही, बाबा."

"म्हणजे दात आहेत तिथे तोंडात घालायचे नाहीत आणि घालायचे तर दात नाहीत?"

"हो... म्हणजे, नाही. म्हणजे, तसंच."

बाबांनी मान डोलावली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते काचेला नाक लावून कवळीकडे बघत राहिले. जवळून जाणारा एक संशोधक त्यांना पाहून आवाज न करता टोपी काढून गेला.

गोष्ट संचालकांपर्यंत गेली. संचालकांनी बैठक बोलावली. टेबलाभोवती संचालक, यंत्रप्रमुख आणि सुरक्षा समितीचे चार विद्वान. तक्रारदार म्हणून बाबा आणि मधोमध शिशाच्या डब्यात कवळी.

"अहो, देऊन टाका ना म्हाताऱ्या माणसाला," संचालक म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," नाहीबाई म्हणाली. "काल तुमच्या प्राध्यापकांना मोजपट्टी दिली नाही आणि आज सासऱ्यांना कवळी दिली, तर उद्यापासून माझ्या 'नाही'ला कोण विचारेल? मग ते माझे नियम राहत नाहीत, माझी लहर होते."

तेवढ्यात बाबांनी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा.

"सूनबाई, तू रोज त्या बोगद्यात जातेस. मग तू घरी कशी येतेस?"

"मी माणसांच्या गेटमधून येते, बाबा. ते तपासतं."

"कवळीला तपासलं?"

"तिला वस्तूंच्या मीटरवर तपासलं. लाल दिवा लागला."

"आणि माणसांच्या गेटवर तपासलं असतं तर?"

माणसांच्या गेटची मर्यादा सैल असते. माणसाच्या अंगात जन्मजातच थोडा किरणोत्सार असतो, त्याला शून्यावर कोण आणणार? "हिरवा लागला असता," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मग मला एवढं सांगा," बाबा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "दात ही वस्तू आहे का माणूस आहे?"

विद्वान खुशीत आले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. एकाने विचारलं की चष्मा काय आहे. दुसरा म्हणाला, केस कापल्यावर वस्तू होतात, त्याआधी माणूस असतात. तिसऱ्याच्या गुडघ्यात धातू बसवलेला होता, तो एकदम हळवा झाला आणि म्हणाला की आपला गुडघा म्हणजे आपण स्वतःच आहोत. चर्चा रंगात आली असतानाच यंत्रप्रमुखाचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा," तो म्हणाला. "दात जर माणूस असतील, तर रविवारी बीम चालू असताना आत माणूस होता."

टेबलाभोवती दातखीळ बसली. आत माणूस राहणं म्हणजे अपघात. अपघात म्हणजे नियामक मंडळाला कळवणं, म्हणजे चौकशी, म्हणजे चौकशी संपेपर्यंत यंत्राला टाळं. आणि झडती कोणी घेतली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वस्तू!" संचालक ओरडले. "वस्तूच आहे! सर्वानुमते?"

सगळे हात वर झाले. गुडघेवाल्यानेसुद्धा, मान खाली घालून, हात वर केला. बाबांनी डब्याकडे पाहिलं आणि पेटी उचलली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे, सूनबाई."

इतक्या वर्षांत बाबांनी तिला हे वाक्य कधी ऐकवलं नव्हतं. तिला वाटायचं, ते ऐकू येईल त्या दिवशी आपण जिंकलो. आणि आता ते ऐकताना तिला रडू येत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून क्लॅरिनेटचा आवाज येत होता. क्लॅरिनेटचा कसला, उकळी फुटलेल्या किटलीचा. बाबा नुसत्या हिरड्यांवर टेकवून वाजवायला बघत होते. सूर धरायचा, घसरायचा, किटली फुसफुसायची, मग थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून दाराबाहेर उभी राहिली.

"बाबा," तिने हाक मारली.

आतून ओ आली नाही. किटली मात्र थांबली.

थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला, पण तो मुलाशी फोनवर बोलत असल्याचा होता. "बँडमास्तरांना सांग," ते म्हणत होते, "सॅक्सोफोनवाल्याला दे म्हणावं. त्यालाही एकदा मिळायला हवं." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज अगदी चांगला, हसरा होता, म्हणूनच तिला तो सहन झाला नाही.

तिने टेबलावर बसून आकडेमोड केली. कवळी रोज दिवसभर तोंडात ठेवली तर हिरडीला वर्षभरात किती मात्रा मिळेल. उत्तर आलं ते सामान्य माणसाला चालणाऱ्या मात्रेच्या कितीतरी खाली होतं. तिने पुन्हा मोजलं, या वेळी बाबांच्या बाजूने एकही आकडा झुकता न देता. तरीही तेच. म्हणजे बाबांना धोका नव्हता. धोका असलाच तर तिच्या इतक्या वर्षांच्या कोऱ्या पाटीला होता. आपण कशासाठी नाही म्हणत होतो, ते तिला तेव्हा स्पष्ट दिसलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. वस्तू म्हणून कवळी सोडणं ही लबाडी होती. पण ती वस्तू नव्हतीच. जन्मभर दुसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाचा तो भाग होता जो पहिल्या रांगेत जायचा होता, आणि तो आपण आत ठेवून कुलूप लावलं होतं.

शनिवारी सकाळी ती संचालकांच्या घरी गेली आणि त्यांच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'झडतीनंतर एक व्यक्ती अंशतः बोगद्यात राहिली. झडती मी घेतली होती. जबाबदारी माझी.'

संचालक बनियनवर होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "अहो, वेड लागलंय का? सर्वानुमते वस्तू ठरलीय! ही व्यक्ती आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो," नाहीबाई म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून ऐकून संचालकांना दाराची चौकट धरावी लागली.

दुपारी बाबांना कोठारात नेलं. कवळी तीनदा घासली, मोजली, पुन्हा घासली. आत काही तोंडात घालायला बंदी होतीच, पण माणसाने स्वतःचाच सुटा भाग स्वतःत परत घ्यायला कुठेच बंदी लिहिलेली नव्हती. बाबांनी कवळी बसवली, जबडा इकडून तिकडे हलवून पाहिला आणि माणसांच्या गेटवर जाऊन उभे राहिले. हात खाचांमध्ये घातले. यंत्रातली बाई म्हणाली, "कृपया स्थिर उभे राहा." बाबा इतके स्थिर उभे राहिले की पहारेकऱ्याने पुढे होऊन ते श्वास घेताहेत ना हे पाहिलं. मग हिरवा दिवा लागला. टॉफी मात्र वस्तूच ठरली आणि ती कोठारातच राहिली.

रविवारी बाबांनी तुकडा वाजवला. मध्ये एकदा सूर चिरकला, पण बाबा न थांबता पुढे गेले आणि शेवटचा सूर त्यांनी इतका लांबवला की बँडमास्तरांना काठी खाली घेता येईना. सॅक्सोफोनवाला तोंड पाडून टाळ्या वाजवत होता. सून मागच्या रांगेत बसून रडली. सवयीने तिने मधेच दारांची संख्या आणि बाहेर पडायचे रस्तेही मोजून घेतले.

सोमवारी यंत्राला टाळं लागलं आणि नाहीबाईची झडतीची किल्ली काढून घेतली गेली. ती किल्ली ती गळ्यात घालत असे. गळा मोकळा झाल्यावर ती दिवसभर तिथे हात नेत राहिली. गुरुवारी नियामक मंडळाचे चौकशी अधिकारी आले. सर्दीने बेजार झालेला, अत्यंत गंभीर माणूस. बाबांना समोर बसवलं. सून भिंतीशी उभी.

"बोगद्यात अंशतः राहिलेली व्यक्ती आपणच का?"

"होय," बाबा म्हणाले.

"किती वेळ आत होतात?"

"रात्रभर."

"काही त्रास?"

"करमलं नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि नाक पुसलं. "आता महत्त्वाचा प्रश्न. नीट विचार करून सांगा. दार बंद करण्याआधी झडती घेणाऱ्या बाईंनी हाक मारली होती का? हाक ऐकू गेलीच नसेल, तर झडतीत दोष आहे आणि यांना हे काम पुन्हा मिळणार नाही. ऐकू येऊनही कोणी ओ दिली नसेल, तर दोष त्या व्यक्तीचा."

सुनेने डोळे मिटले. कवळीला कान नसतात. आणि कानांचं म्हणाल तर, तिच्या हाकेला ते कसे असतात ते तिच्याहून जास्त कोणाला माहीत होतं?

क्लॅरिनेटच्या पेटीची कडी बाबांनी उघडली, लावली.

"मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो," ते म्हणाले. "दारापाशीच. दात आत टाकून लांब कुठे जाणार? मनात होतं, आत जावं आणि सांगून टाकावं. तेवढ्यात कर्ण्यावर हिची हाक आली. आत कोणी आहे का? तीनदा आली. मला तिन्ही वेळा ऐकू आली."

"मग बोलला का नाहीत?"

"सवय," बाबा म्हणाले.

"कसली सवय?"

बाबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे, सुनेकडे बघत होते. "मला ऐकू येतं, साहेब. हिची हाक मला नेहमीच ऐकू येते. लग्न होऊन आली त्या दिवसापासूनची एकूण एक ऐकू आलीये. ओ दिली की जावं लागतं, आणि गेलं की हिचं ऐकावं लागतं, म्हणून देत नव्हतो. दोष माझा आहे. तसं लिहा."

अधिकाऱ्यांनी तसं लिहिलं. बाबांना प्रयोगशाळेत जन्मभराची बंदी झाली आणि त्या बंदीच्या कागदावर सही करायचं काम नेमकं नाहीबाईकडे आलं. किल्ली तिला परत मिळाली. नियमावलीत एक ओळ वाढली, की पाहुण्यांना बाहेर सोडताना प्रत्येकाला तोंड उघडायला लावून आत बघावं. यंत्रप्रमुख ती वाचून बराच वेळ कपाळाला हात लावून बसला होता.

त्या दिवशी सून नेहमीच्या वेळी घरी आली. पर्स ठेवली, चहा टाकला, कप काढले. बाबांच्या खोलीतून क्लॅरिनेट ऐकू येत होतं, किटली नव्हे, क्लॅरिनेट. चहा गाळून तिने तोंड उघडलं आणि तिला एकाएकी भीती वाटली. अशी भीती तिला बोगद्याच्या टोकालाही कधी वाटली नव्हती. तरी तिने हाक मारली.

"बाबा, चहा झालाय."

क्लॅरिनेट थांबलं.

"ओ," बाबा म्हणाले. "आलो."